शेजारी-शेजारी तडे सापडले तर: पोलादाच्या ठिसूळ भंगाचा हिशेब शिकणाऱ्यांसाठी

शटडाउनचा चौथा दिवस होता. नवी मुंबईकडच्या एका कारखान्यात प्रेशर व्हेसलच्या (दाबाखाली चालणाऱ्या टाकीच्या) नोझलजवळ, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडाजवळ, मला वेल्डच्या कडेला दोन तडे सापडले. एक ३५ मिमी, दुसरा २२ मिमी, दोन्ही एकाच रेषेत. मी दोघांची लांबी मोजली, खोली मोजली, फोटो काढले आणि ‘दोन्ही तडे स्वतंत्रपणे मर्यादेत आहेत’ असा शेरा लिहून ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या सीनियरनी रिपोर्ट वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “मधे किती जागा आहे?”

मला सांगता येईना. फोटोत स्केल तिरकी धरलेली होती, त्यामुळे त्यावरूनही कळेना. तोवर परांची उतरवून झाली होती. ती पुन्हा बांधायला, नवे परमिट काढायला आणि ते एक अंतर मोजायला अख्खा दिवस गेला. अंतर निघाले ६ मिमी. त्या ६ मिमीमुळे सगळा हिशेब बदलला आणि ज्यांना मी ‘मर्यादेत’ म्हटले होते ते दोन तडे मिळून मर्यादेबाहेर गेले.

तुम्ही नुकतेच इन्स्पेक्शनमध्ये किंवा फिटनेस-फॉर-सर्व्हिसच्या (दोष असतानाही उपकरण चालवता येईल का ते ठरवण्याच्या) कामात आला असाल, तर तुमचा तो दिवस वाचावा म्हणून हे लिहितो आहे. कॉलेजात एका तड्याचे गणित शिकवतात. साइटवर तडे बहुतेक वेळा घोळक्यानेच भेटतात.

१. आधी विचारा: इथे ठिसूळ भंग होऊ शकतो का?

पोलाद दोन तऱ्हेने तुटते. एकात ते आधी ताणले जाते, वाकते, फुगते, म्हणजे आपल्याला इशारा देते. दुसऱ्यात इशारा नसतो. तडा आवाजाच्या वेगाशी तुलना करावी अशा वेगाने धावतो आणि तुटलेली कड सपाट, चकचकीत दाण्यांची दिसते. हा ठिसूळ भंग. तापमान उतरले की साध्या कार्बन पोलादाचा चिवटपणा (तड्याला पुढे सरकू न देण्याची ताकद) झपाट्याने उतरतो आणि मग पहिल्या प्रकाराची जागा दुसरा घेतो.

१६ जानेवारी १९४३ च्या रात्री अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेले ‘शेनेक्टडी’ हे नवे कोरे टँकर जहाज शांत पाण्यात मधोमध दुभंगले. वादळ नव्हते, टक्कर नव्हती. होती ती थंड हवा, वेल्डमधले दोष आणि कमी चिवट पोलाद.

इथे नवशिक्यांची पहिली चूक होते. “मुंबईत थंडी कुठे पडते?” असे म्हणून ते हा प्रश्नच बाजूला सारतात. बाहेरच्या हवेचा विचार केला तर ते खरेही आहे. पण व्हेसलच्या भिंतीचे तापमान हवा ठरवत नाही, आतला माल ठरवतो. माहुल-चेंबूर असो की उरण, जिथे एलपीजी आहे तिथे दाब अचानक सुटला की द्रव उकळतो आणि स्वतःलाच थंड करतो. वातावरणाच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, ब्युटेन साधारण उणे अर्ध्या अंशाला, अमोनिया उणे ३३ ला. बाहेर मे महिन्याचा घाम फुटलेला असताना आतली भिंत उणे तीसवर असू शकते. म्हणून नेहमीचे चालू तापमान तर विचाराच, पण ‘व्हॉल्व्ह गळला, दाब उतरला तर भिंत किती थंड होईल?’ हेही विचारा. प्रोसेसवाल्यांकडून तो आकडा लेखी घ्या.

२. वर चढण्याआधी: फायलीत काय, पिशवीत काय

फायलीत हे हवे:

- मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट. त्यात चार्पी चाचणीचा (खाच पाडलेला तुकडा हातोड्याने तोडून केलेल्या आघात चाचणीचा) आकडा आणि ती कोणत्या तापमानाला केली ते, दोन्ही हवेत. स्ट्रक्चरल पोलाद आयएस २०६२ चे असेल तर त्याचा उपवर्ग पाहा. ‘ए’मध्ये आघात चाचणी बंधनकारक नसते, ‘बी-शून्य’मध्ये ती ० अंशाला होते आणि ‘सी’मध्ये उणे २० ला. नुसता ‘ई २५०’ हा ताकदीचा ग्रेड वाचून पुढे गेलात तर चिवटपणाबद्दल तुमच्या हाती काहीच आलेले नसते.
- वेल्ड मॅप, वेल्डिंग प्रोसिजर आणि पोस्ट-वेल्ड हीट ट्रीटमेंट (वेल्डमध्ये राहून गेलेला ताण तापवून उतरवणे) झाली असेल तर तिचा तापमान-आलेख.
- मागच्या शटडाउनचे यूटी (अल्ट्रासॉनिक चाचणी) आणि मॅग्नेटिक पार्टिकलचे (‘मॅग’, चुंबकीय कणांनी पृष्ठभागावरचे तडे दाखवणारी चाचणी) रिपोर्ट.
- डिझाइनचा आणि प्रत्यक्ष चालणारा दाब-तापमान, वर सांगितलेल्या थंड प्रसंगासह.
- तुम्ही वापरणार त्या कोडची (नियमपुस्तकाची) चालू आवृत्ती. बीएस ७९१०, एपीआय ५७९-१, अणुप्रकल्पाच्या कामात एएसएमईचा अकरावा सेक्शन. शेजारी तड्यांचे नियम आवृत्तीगणिक बदललेले आहेत. ऑफिसच्या कपाटातली जुनी झेरॉक्स वापरू नका.

पिशवीत मॅगचे योक (पृष्ठभाग चुंबकित करणारे हातातले साधन), पांढरा कॉन्ट्रास्ट पेंट, काळी चुंबकीय शाई, स्टीलची पट्टी, व्हर्नियर, भिंग, टॉर्च, ऑइल पेंट मार्कर आणि ट्रेसिंग पेपर. ट्रेसिंग पेपर हसण्यावारी नेऊ नका. वक्र पृष्ठभागावर तो चिकटवून तड्यांची एकास-एक नक्कल काढली की ऑफिसात बसून कोणतेही अंतर पुन्हा मोजता येते. त्या पहिल्या फजितीनंतर मी त्याशिवाय वर चढलेलो नाही.

३. मोजमाप: लांबीइतकेच मधले अंतर

बहुतेक चुका संगणकावर नव्हे, परांचीवर होतात. म्हणून इथे वेळ घ्या.

आधी पृष्ठभाग स्वच्छ करून योक दोन दिशांनी लावा, एकमेकींशी काटकोनात. चुंबकीय रेषांना समांतर असलेला तडा एका दिशेत दिसतच नाही. एकाच दिशेने योक फिरवून ‘एकच तडा आहे’ असे लिहिलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. शेजारचा तिरका तडा तिथेच बसलेला होता.

मग प्रत्येक तड्याला क्रमांक द्या आणि प्रत्येकाची दोन टोके एखाद्या कायमच्या खुणेपासून मोजा, उदाहरणार्थ जवळचा लाँग सीम (व्हेसलच्या लांबीतला वेल्ड) किंवा नोझलची मध्यरेषा. नुसती लांबी लिहू नका. ‘तडा १: सीमपासून ११२ ते १४७ मिमी. तडा २: १५३ ते १७५ मिमी’ असे लिहिले की ६ मिमीची मोकळी जागा आपोआप नोंदली जाते आणि ती विसरायची सोयच उरत नाही. याच्या जोडीला वेल्डच्या कडेपासूनचे आडवे अंतरही घ्या, म्हणजे दोन्ही तडे एकाच रेषेत आहेत की वर-खाली सरकलेले, हे कळते.

पृष्ठभागावर दिसते तेवढ्यावर थांबू नका. वर ६ मिमी अंतरावर वेगळे दिसणारे दोन तडे खाली एकमेकांना मिळालेले असू शकतात. फेज्ड अॅरे किंवा टीओएफडी या अल्ट्रासॉनिक पद्धतींनी खोलीचा आलेख घ्या आणि मधल्या पट्टीवर मुद्दाम हळू स्कॅन करा. प्रोबची किरणशलाका पसरट असते, त्यामुळे फार जवळचे दोन दोष पडद्यावर एकच दिसतात. उलट वेड्यावाकड्या एकाच तड्यातून दोन प्रतिध्वनी येतात आणि दोन तडे असल्याचा भास होतो. मधे सलग धातू आहे हे खात्रीने सांगता येत नसेल, तर तो एकच तडा धरा. यावर ऑपरेटरशी वाद झाला तर होऊ द्या.

मोजमापाची चूक कोणत्या बाजूला टाकायची हेही ठरलेले हवे. लांबी आणि खोली मोजल्यापेक्षा थोडी जास्त धरतात, तसे अंतर थोडे कमी धरायचे. तुमच्या पद्धतीची अचूकता दोन मिमी असेल, तर प्रत्येक टोक दोन मिमीने पुढे सरकवा. म्हणजे ६ मिमीचे अंतर हिशेबात २ मिमीच उरते.

४. तडे एकमेकांपाशी कसे उभे आहेत?

तीन मांडण्या ओळखायला शिका.

एक, टोकाला टोक: एकाच प्रतलात, एका रेषेत. वेल्डच्या कडेला हे हमखास भेटतात.

दोन, समांतर, एकामागे एक: म्हणजे भिंतीत थर लावल्यासारखे, किंवा पाइपच्या पृष्ठभागावर स्ट्रेस करोजनच्या (ताण आणि गंज मिळून पडणाऱ्या) तड्यांची वसाहत असते तसे.

तीन, पायऱ्यांसारखे: समांतर, पण सरकलेले. ओल्या हायड्रोजन सल्फाइडच्या सेवेत हायड्रोजनमुळे पडणारे तडे असे पायरी-पायरीने जोडले जातात.

मांडणी ठरवताना ताणाची दिशा डोळ्यांपुढे ठेवा. दंडगोल व्हेसलमध्ये परिघाच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेपेक्षा दुप्पट असतो, म्हणून लांबीला समांतर असलेला तडा जास्त उघडू पाहतो. तडा तिरका असेल तर मुख्य ताणाला काटकोनात असलेल्या प्रतलावर त्याची सावली टाकून मोजतात. अंतरेही त्याच प्रतलात आणि त्याच्या काटकोनात, अशी दोन्ही हवीत.

५. टोकाला टोक असलेले तडे: आकड्यांतून पाहा

तड्याच्या टोकाशी ताण किती तीव्र होतो ते सांगणाऱ्या गुणकाला ‘के’ म्हणतात. १९२१ साली ग्रिफिथ यांनी काचेच्या तुटण्याचा ऊर्जेच्या अंगाने विचार मांडला आणि १९५७ साली अर्विन यांनी तो ‘के’च्या रूपात अभियंत्यांच्या हाती दिला. रुंद प्लेटमधल्या आरपार तड्यासाठी ‘के’ म्हणजे ताण गुणिले (पाय, म्हणजे π, गुणिले अर्धी लांबी) याचे वर्गमूळ. ‘के’ पोलादाच्या चिवटपणाएवढा झाला की ठिसूळ भंग सुरू होतो.

१५० मेगापास्कल ताणाखालच्या रुंद प्लेटमध्ये ४० मिमी लांबीचा एकच आरपार तडा घ्या. ‘के’ येतो ३७.६ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर. आता त्याच रेषेत तेवढाच दुसरा तडा ठेवा आणि मधले अंतर कमी करत न्या. याचे नेमके गणिती उत्तर उपलब्ध आहे. मी ते स्वतः हाताने सोडवून पाहिले आणि तुम्हीही एकदा सोडवा, कारण त्यानंतर ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

- अंतर ४० मिमी, म्हणजे तड्याच्या लांबीइतके: आतल्या टोकाचा ‘के’ ३९.४. वाढ जेमतेम ५ टक्के. बाहेरच्या टोकाची वाढ ३ टक्के.
- अंतर २० मिमी: आतल्या टोकाचा ‘के’ ४१.८. वाढ ११ टक्के.
- अंतर ४ मिमी: आतल्या टोकाचा ‘के’ ५६.१. वाढ ४९ टक्के. बाहेरच्या टोकाची मात्र १२ टक्केच.

म्हणजे शेजाऱ्याचा परिणाम हळूहळू वाढत नाही. बराच वेळ तो नगण्य असतो आणि शेवटच्या काही मिलिमीटरांत उसळी घेतो. अंतर मोजताना दोन मिमीची चूक कुठे चालते आणि कुठे घात करते, ते यावरून दिसेल.

आता याच यादीतली एक गोष्ट नीट पाहा. ४ मिमी अंतराचे दोन्ही तडे जोडून ८४ मिमीचा एकच तडा धरला तर ‘के’ येतो ५४.५. आतल्या टोकाचा खरा ‘के’ होता ५६.१, म्हणजे जोडलेल्या तड्यापेक्षाही जास्त! ‘एकत्र धरले म्हणजे सुरक्षित बाजूला राहिलो’ हे अंतर फार कमी झाल्यावर अगदी काटेकोरपणे खरे नसते. चिवट पोलादात याचे फारसे बिघडत नाही. मधली पट्टी प्लास्टिक होते, हळूहळू फाटते, दोन तडे एक होतात आणि मग पुढचे पुढे. ठिसूळ अवस्थेत मात्र त्या पट्टीतच भंगाची ठिणगी पडू शकते, आणि तिथून सुटलेला तडा वेगात असतो, तो बाहेरच्या टोकाशी थांबेलच असे नाही. म्हणून कमी तापमानाला मधली अरुंद पट्टी ‘अजून धरून आहे’ म्हणून तिच्यावर विश्वास टाकू नका.

हे आकडे आरपार तड्यांचे आहेत. पृष्ठभागावरच्या अर्ध-लंबगोल तड्यांमध्ये शेजाऱ्याचा परिणाम याहून सौम्य असतो, कारण खालून सलग धातू भार वाटून घेतो. अशा तड्यात सर्वात खोल बिंदूचा ‘के’ मुख्यतः खोलीवर चालतो. लांबी खूप वाढली तरी तो एका मर्यादेपलीकडे फारसा वाढत नाही. उथळ तड्यांची माळ आणि खोल तड्यांची जोडी यांत मला दुसरीची भीती जास्त वाटते.

६. समांतर तडे: एकमेकांना आड घेतात, पण त्यावर विसंबू नका

समांतर, समोरासमोर असलेले तडे एकमेकांना झाकतात. ताणाच्या रेषा एका तड्याला वळसा घालून जातात तेव्हा शेजारचा त्या सावलीत येतो आणि दोघांचाही ‘के’ एकट्या तड्यापेक्षा कमी होतो. दोन सारखे तडे अगदी खेटून असतील तर प्रत्येकाचा ‘के’ एकट्याच्या सुमारे ०.७ पट इतका खाली येऊ शकतो. पायऱ्यांसारखे सरकलेले तडे मात्र दोन्ही खेळ खेळतात. टोके एकमेकांकडे येत असताना ‘के’ वाढतो, टोके एकमेकांना ओलांडून गेली की कमी होऊ लागतो.

हा दिलासा खरा आहे, पण हिशेबात त्याचा फायदा घेऊ नका. त्याचे एक कारण मला फार उशिरा कळले. समांतर तड्यांपैकी एक ग्राइंड करून, वेल्डने भरून काढला की उरलेल्याची सावली जाते. काल ०.७ वर असलेला तडा आज पूर्ण ‘के’ घेऊन उभा राहतो, वर नव्या वेल्डचा राहून गेलेला ताण असतो तो वेगळाच. मोठा तडा काढून टाकला म्हणजे जागा सुरक्षित झाली असे वाटते, प्रत्यक्षात छोट्याची स्थिती बिघडलेली असू शकते. वसाहत असेल तर दुरुस्ती सगळ्या तड्यांचा मिळून विचार करूनच ठरवा.

७. कोडचा नियम लावा, आणि एकच कोड लावा

बहुतेक कोडची रीत सारखी आहे. तडे वेगवेगळ्या प्रतलांत असतील तर ती प्रतले पुरेशी जवळ आहेत का ते पाहा. जवळ असतील तर दोन्ही एका प्रतलात आहेत असे माना. मग त्या प्रतलात मधले अंतर ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर दोन्हींना सामावणारा एक मोठा तडा धरा: लांबी म्हणजे पहिली अधिक दुसरी अधिक मधले अंतर, खोली म्हणजे दोघांपैकी जास्त असलेली. पृष्ठभागाखाली असलेला तडा पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर मधली पातळ कातडी नाहीच असे समजून तो पृष्ठभागावरचा तडा धरा.

मर्यादा किती, हे मात्र प्रत्येक कोड वेगळे सांगतो. कुठे ती तड्याच्या खोलीवर बांधलेली असते, कुठे लांबीवर. म्हणूनच एका कोडमधून अंतराचा नियम आणि दुसऱ्यातून ‘के’चे सूत्र अशी खिचडी करू नका. प्रत्येक कोडमधली सुरक्षितता त्याच्या सगळ्या पायऱ्या मिळून ठरलेली असते, एक पायरी उसनी आणली की तो तोल राहत नाही.

तीन तडे रांगेत असतील तर काय? पहिले दोन जोडल्यावर तयार झालेल्या मोठ्या तड्याची तिसऱ्याशी पुन्हा तुलना करायची की नाही, ते तुमच्या कोडमध्ये शोधा. ठिसूळ भंगाचा धोका असेल तर मी ती तुलना करतोच. कधीकधी यातून सहा छोट्या तड्यांचा मिळून फुटभर लांबीचा राक्षस तयार होतो आणि काहीच पास होत नाही. तेव्हा आकडे खाली ओढू नका. सरळ सांगा की हिशेबाची साधी पातळी पुरत नाही, खऱ्या मांडणीचे फायनाइट एलिमेंट मॉडेल (संगणकावर छोटे तुकडे पाडून ताण काढणारे) करावे लागेल. आपल्या ऑफिसात सोय नसेल तर ज्यांनी हे काम केले आहे त्यांच्याकडे जा. पवईची आयआयटी आणि माटुंग्याची व्हीजेटीआय आपल्या शहरातच आहेत. तिथल्या संबंधित विभागांत विचारणा करायला संकोच करू नका.

८. ‘के’ वाढला नाही तरी धोका वाढतो

समजा दोन तडे इतके दूर आहेत की कोडनुसार त्यांचा एकमेकांशी संबंध नाही. मग एकटा तडा आणि असे दोन तडे, धोका सारखाच का?

नाही. ठिसूळ भंग सुरू होतो तो तड्याच्या टोकापुढच्या एखाद्या कमकुवत कणापासून, बहुधा फुटलेल्या कार्बाइडपासून. असा कण नेमका कुठे बसला आहे हा नशिबाचा भाग असतो. साखळी तिच्या सर्वात कच्च्या कडीएवढीच पक्की. तड्याची धार जितकी लांब तितकी कच्ची कडी सापडण्याची शक्यता जास्त. दोन तडे म्हणजे दुप्पट धार. एका तड्यापासून भंग होण्याची शक्यता ५० टक्के असेल, तर तसेच भार झेलणाऱ्या दोन स्वतंत्र तड्यांपैकी निदान एकापासून भंग होण्याची शक्यता ७५ टक्के होते.

फेरिटिक पोलादासाठी जी ‘मास्टर कर्व्ह’ पद्धत वापरतात, तिच्यात हे थेट मोजता येते. तिथे २० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर ही तळरेषा धरून त्यावरचा चिवटपणा धारेच्या लांबीच्या चौथ्या मुळाने कमी होतो. एका धारेसाठी मध्यक चिवटपणा १०० असेल तर दुप्पट धारेसाठी तो साधारण ८७ उरतो. म्हणजे ‘के’ एका टक्क्यानेही न वाढता आपली बाजू १३ टक्क्यांनी पडते.

जवळच्या तड्यांमध्ये या दोन्ही गोष्टी एकदम घडतात. आतल्या टोकांचा ‘के’ वाढतो आणि वाढलेल्या ताणाखाली धातूचा जास्त भाग येतो. म्हणून तुमच्या हिशेबातल्या ‘के’ला मर्यादेपासून थोडीच जागा उरली असेल आणि तडे बरेच असतील, तर चिवटपणाचा आकडा धारेच्या एकूण लांबीसाठी दुरुस्त करून पुन्हा पाहा.

९. आकृतीवर बिंदू टाका

पुढचे काम फेल्युअर असेसमेंट डायग्रामचे. उभ्या अक्षावर ‘के’ आणि चिवटपणाचे गुणोत्तर, आडव्या अक्षावर भार आणि यील्ड (पोलाद कायमचे ताणले जाणे) होऊ देणाऱ्या भाराचे गुणोत्तर. बिंदू रेषेच्या आत हवा. सॉफ्टवेअर हे पाच मिनिटांत करते, म्हणून लांबण लावत नाही. दोन सापळे तेवढे सांगतो.

पहिला, वेल्डमध्ये राहून गेलेला ताण. हीट ट्रीटमेंट झालेली नसेल आणि मोजलेले काही हाती नसेल, तर तो यील्डएवढा धरावा लागतो. नवशिके फक्त दाबाचा ताण घालतात आणि बिंदू सुखाने आत येतो.

दुसरा, चार्पीचा आकडा म्हणजे चिवटपणा नव्हे. १० मिमी चौरस, ५५ मिमी लांब तुकड्याला २ मिमीची खाच पाडून हातोड्याने तोडतात, त्यात किती ज्यूल खर्च झाले ते चार्पी सांगते. त्यावरून ‘के’ काढायची सूत्रे कोडमध्ये आहेत, ती मुद्दाम सावध ठेवलेली आहेत. तापमान जुळवायला विसरू नका. खोलीच्या तापमानाचे २७ ज्यूल घेऊन उणे ३० चा हिशेब केला तर तो हिशेबच नव्हे.

१०. दुरुस्ती आणि नोंद

बिंदू बाहेर गेला, किंवा काठावर असून तापमान खाली जाण्याची शक्यता असली, तर प्लांटच्या जबाबदार माणसाला त्याच क्षणी तोंडी सांगा आणि तासाभरात लेखी द्या. रिपोर्ट सुबक होईपर्यंत थांबू नका. उथळ तडे ग्राइंड करून गुळगुळीत उतार दिला आणि उरलेली जाडी पुरेशी असली, तर वेल्ड न करता भागते, आणि शक्य तिथे मला तेच पसंत आहे. ग्राइंडिंगनंतर मॅग पुन्हा करा. वरून वेगळे दिसलेले दोन तडे खाली एक झालेले अनेकदा याच वेळी उघडे पडतात. तसे दिसले तर काम थांबवून खोली पुन्हा मोजा.

तडे तसेच ठेवून चालवायचे ठरले, तर दाब आणि तापमानाची मर्यादा ठरवून द्या: ‘भिंत इतक्या अंशांच्या खाली असताना दाब इतक्यापेक्षा जास्त नको’. ती कंट्रोल रूमच्या भिंतीवर आणि ऑपरेटिंग सूचनांमध्ये लिहिलेली दिसली पाहिजे. स्टार्टअपच्या वेळी याची खास गरज पडते.

जागेवर खूण करायला सेंटर पंच मारू नका. ताणाखालच्या भिंतीत पंचाची खाच म्हणजे आपणच दिलेला एक नवा दोष. खुणा पेंटने करा आणि मापे सीमपासून लिहा. ट्रेसिंग पेपर, फोटो आणि स्कॅनची फाइल एकाच नावाने ठेवा. तक्त्यात लांबी आणि खोलीच्या शेजारी ‘पुढच्या तड्यापर्यंतचे अंतर’ हा रकाना छापूनच घ्या, म्हणजे तो रिकामा राहिला तर लगेच डोळ्यांत भरेल. पुढच्या शटडाउनला कदाचित दुसराच कोणी वर चढेल. त्याला तीच टोके, त्याच खुणेपासून मोजता आली पाहिजेत, म्हणजे ६ मिमीचे ५ झाले की नाही ते त्याला सांगता येईल.